गाडीचा जन्मदाखला

गाडी विकली की ‘लेक सासरी धाडल्यासारखं वाटलं’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मला ती कधी पटली नाही. लेक सासरी जाताना कोणी टायरला लाथ मारून बघत नाही, आणि ‘दोन हजार कमी करा’ असंही कोणी म्हणत नाही. निदान म्हणू नये. मी आजवर दोन गाड्या विकल्या. दोन्हींवर जीव होता आणि दोन्हींचे पैसे मोजून घेतले. अट मात्र दोन्ही वेळा एकच घातली आणि ती किमतीच्या आधी सांगितली: गाडी चालवणार असाल तर बोला. अंगणात झाकून ठेवणारा नको आणि भंगारवाला तर दारातही नको.

हे आत्ता लिहायचं कारण सरकारी आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी १०,००० रुपये केली. २०२२च्या मार्चअखेरपर्यंत १५ वर्षं ओलांडलेल्या गाडीला ही फी ६०० रुपये होती. त्या एप्रिलपासून ५,००० झाली आणि आता विशी ओलांडली की दुप्पट. ही बातमी आली त्याच आठवड्यात मला ढेबेवाडी खोऱ्यातून एक फोन आला. फोनचं पुढे सांगते. आधी गाडीचं सांगायला हवं.

कराडला मी १९८१ साली दवाखाना थाटला तेव्हा माझ्याकडे लूना होती. व्हिजिटची बॅग पुढे, नर्स मागे, आणि चढ आला की नर्स उतरून चालायची. दोन पावसाळे असे काढले. वाड्यावस्त्यांवरून बोलावणी यायची ती रात्रीची आणि पावसातली. दिवसाउजेडी आजारी पडायला कोणाला सवड नसते. शेवटी १९८३ साली साताऱ्याच्या एका वकीलसाहेबांची फियाट घेतली. अकराशे डिलाइट, १९६९चं पासिंग, साय धरलेल्या दुधाच्या रंगाची. वकीलसाहेबांनी नवी घेताना जेवढे दिले होते त्याहून जास्त मी १४ वर्षं वापरलेल्या गाडीला मोजले. आजच्या पोरांना यात मी फसले असं वाटेल. त्या काळी मोटार म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसेडर, आणि नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. हातात आलेली जुनी गाडी म्हणूनच महाग असायची. गंमत अशी, की त्याच वर्षी १४ डिसेंबरला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली, आणि माझ्या फियाटीचे दिवस भरायला सुरुवात झाली. मला त्याचा पत्ता नव्हता. मी आपली नव्या सीटकव्हरांत गुंग.

फियाट म्हटली तरी ती कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटीचं हे मराठी मुलखातलं बिऱ्हाड मांडलं गेलं. अकराशेचं एक जुनं मॉडेल लोकांत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखलं जायचं. मग माझी डिलाइट आली, मग नाव प्रेसिडेंट झालं, आणि १९७४च्या सुमारास ती पद्मिनी झाली. नावं बदलली तरी १०८९ सीसीचं इंजिन तेच, आणि हॅंडलखालचा गिअरही कितीतरी वर्षं तोच. पुढची सीट बाकासारखी सलग. दारांना पुढे तिकोनी काच. ती जरा तिरकी केली की पावसातही वारा आत यायचा आणि थेंब बाहेर राहायचे. इतकी शहाणी काच कारखानदारांनी का काढून टाकली हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही. एसी आला म्हणतात. एसी बंद पडल्यावर काय करायचं?

आमचे हे कॉलेजात मराठी शिकवायचे. गाडी ते कधीच शिकले नाहीत. मी चालवायची आणि मला पाठ असलेला रस्ता शेजारी बसून त्यांनी दाखवायचा, अशी वाटणी होती. बाईमाणूस गाडी चालवताना बघायला तेव्हा गावात पारावरची माणसं उठून उभी राहायची. ‘बाई गाडी हाकतिया!’ एकदा तर तांबव्याच्या पुढे एका म्हाताऱ्यानं गाडी थांबवली. मला वाटलं पेशंट. तो म्हणाला, ‘काय न्हाई, बघतोय.’ आणि खरंच बघून गेला.

गाडी मला शिकवली ती आमच्या मेस्त्रींनी. चालवायला नव्हे, ती मी शिकून आले होते, जगवायला. ते कृष्णा नाक्याजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचे आणि त्यांचा नियम होता, की मालकानं उभं राहून बघायचं. खुर्ची मागितली तर म्हणायचे, ‘डॉक्टर, तुमच्याकडं पेशंटला कापतात तवा नातेवाईक बाहेर का ठेवता? हितं उलटं हाय.’ पहिल्याच महिन्यात त्यांनी मला डिलकोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, टोपण काढून पॉइंट दाखवले. दोन एवढेसे धातूचे ओठ. उघडमीट करताना त्यांच्यात ठिणगी खेळते आणि हळूहळू तिथे काळा खड्डा पडतो. खड्डा पडला की गाडी सकाळी खोकत बसते. मग बारीक पॉलिश पेपरनं ते ओठ घासायचे, आणि दुमडलेलं पोस्टकार्ड मध्ये जेमतेम सरकेल एवढी फट ठेवून स्क्रू आवळायचा. जास्त घट्ट नाही, हलका नाही. मेस्त्री माझा हात बघायचे. ‘टाका घालताना जेवढा ओढता तेवढाच,’ म्हणाले. त्यानंतर माझ्या पर्समध्ये पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा आणि ह्यांना पोस्टकार्ड लिहायला सापडायचं नाही.

माझं माहेर चिपळूणचं. मे महिन्यात मुलांना घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा आणि जूनच्या तोंडाला चढायचा. चढताना उन्हानं आणि इंजिनाच्या तापानं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी गप्प उभी राहायची. त्या काळच्या कुठल्याही गाडीचं हेच. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची ओळच लागलेली असे. लोक ओल्या फडक्याची घडी पंपावर ठेवायचे. मी बॅगेतली गॉजची गुंडाळी भिजवून पंपाला बँडेज बांधायची. पाच मिनिटांत गाडी चालू. एका ट्रक ड्रायव्हरनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावून नमस्कार केला. तो मला होता की बँडेजला, ते कळलं नाही.

हे सगळं मी कौतुकानं सांगते म्हणून ती गाडी फार गुणाची होती असं नाही. सीटबेल्ट नव्हता. ब्रेक आजच्या मानानं ब्रेक म्हणायच्या लायकीचे नव्हते. पाय आधीच ठेवायचा आणि देवाचं नाव नंतर घ्यायचं. हॅंडल गिअरच्या गाड्यांत बुश झिजला की गिअर अधेमधे अडकून बसायचा आणि भर दत्त चौकात बॉनेट उघडून दांडी हातानं सरळ करावी लागायची. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा पातळ सुती साडी नेसून हे करून बघावं.

तरीही त्या गाडीचं एक देणं माझ्यावर आहे आणि ते फेडायचं कसं, मला माहीत नाही. १९८६चा पावसाळा होता. ढेबेवाडीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला तरणा माणूस पहाटे जीपमधून आणला. रात्री जमिनीवर निजला होता. पोटात दुखतंय, गिळता येत नाही, पापण्या उचलत नाहीत. दंश दिसतही नव्हता. आमच्या भागातल्या डॉक्टरला एवढं पुरतं: मण्यार. विषावरची लस सुरू केली, पण श्वास मंदावत चालला होता आणि माझ्याकडे व्हेंटिलेटर नव्हता, अँबू बॅग होती. १०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आली २०१४ साली. त्या पहाटे माझ्याकडे होती ती फियाट.

मिरजेला न्यायचं ठरलं. जीपच्या ड्रायव्हरनं मान हलवली. त्याला दुसरं भाडं होतं, की भीती वाटली, देव जाणे. पेशंटला मागच्या सीटवर आडवा घातला. पुढच्या सीटच्या मागे पाय ठेवायच्या जागेत नर्स गुडघ्यांवर बसली आणि बॅग दाबू लागली. सलाइनची बाटली मागच्या दारावरच्या हुकाला बांधली. शेजारी त्याचा चुलता, हातात टॉर्च, आरशात मला बाटली दिसावी म्हणून. पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली. तेव्हाचा रस्ता म्हणजे दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं चाक खाली उतरवायचं. खड्डा आला की नर्सचा हात सुटायचा, म्हणून ती मोठ्यानं आकडे मोजत होती आणि मी तिच्या आकड्यांवर गाडी चालवत होते. आकडा चुकला की माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. आष्ट्याच्या पुढे गाडी एक-दोनदा झटके देऊन बसायला आली. पाणी गेलं असणार डिलकोत. थांबायची सोय नव्हती. मी तिला काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही.

मिरजेत त्याला मशीनवर घेतलं आणि काही दिवसांनी तो चालत घरी गेला. मण्यारीच्या विषानं अंग लुळं पडतं, शुद्ध मात्र पुष्कळदा शाबूत राहते. महिनाभरानं तो शेंगांचं पोतं घेऊन दवाखान्यात आला आणि सगळ्या पेशंटांसमोर म्हणाला, ‘बाई, मला सगळं ऐकू येत हुतं. तुमी गाडीला लई शिव्या दिल्या.’

१९९५ साली मारुती एट हंड्रेड आली. नवी कोरी, पांढरी. मुलं मोठी झाली होती, माझी पाठ दुखायला लागली होती, आणि मेस्त्रींच्या हाताला कंप सुटला होता. दोन गाड्या ठेवायला दारात जागा नव्हती. फियाट विकायची म्हटल्यावर पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवायचा छंद. चांगली किंमत बोलले. गाडी कुठे ठेवणार विचारलं, तर शेड बांधलीय म्हणाले, तिथे सात आहेत. रस्त्यावर काढता? ‘छे, छे. दर आठवड्याला इंजिन सुरू करतो.’ त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. आमच्या ह्यांच्या मते तो शुद्ध वेडेपणा होता.

घेतली ती ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका माथाडी कामगारानं. पाटण तालुक्यातल्या गावांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला ओझी वाहायला गेली. माथाडींची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील ह्याच तालुक्यातले. हा गडी आधी मशीद बंदरला आणि मग बाजार हलला तसा वाशीला, अशी सगळी उमर पाठीवर गोणी घेऊन काढलेला. निवृत्तीचे पैसे घेऊन गावी पिठाची गिरणी टाकायला आला होता. म्हणाला, ‘मुंबईत मी फियाटच्या टॅक्सीत लई माल भरला डॉक्टरबाई. वर टपाला बांधला, डिकीत कोंबला. पन पुढच्या शिटावर कदी बसलो न्हाई.’ मग म्हणाला, ह्या गाडीनं आमच्या वाडीचा माणूस वाचवलाय, देवावानी ठेवीन. आणि त्याच दमात, ‘दोन हजार कमी करा.’ देवाच्या मानानं घासाघीस बरीच केली. शेवटी हजारावर तुटलं. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मी सह्या केल्या, त्यानं चाकाखाली लिंबू ठेवला, नारळ फोडला आणि पुढच्या सीटवर बसला. गाडी चालवायला त्यानं भाचा आणला होता. त्याला फक्त बसायचं होतं.

मारुतीबद्दल मला एवढं लांबण लावता येत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. ती कधी बंद पडली नाही, म्हणून तिच्या गोष्टी झाल्या नाहीत. किल्ली फिरवली की चालू, वळवली की वळली. बॉनेट उघडायचं कारणच पडलं नाही. प्रेम मात्र होतं. पायातली चप्पल सवयीची होते तसं. तिची खरी कहाणी मी विकल्यावर सुरू झाली.

२०१० साली, पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत, ती कराडच्याच एका ड्रायव्हिंग स्कूलनं घेतली. टपावर पिवळा बोर्ड चढला, पुढे-मागे लाल ‘एल’ लागला, शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा क्लच-ब्रेक बसले. आणि मग माझी गाडी मला रोज दिसू लागली. कोल्हापूर नाक्याला मध्येच बंद पडून हॉर्न खाताना, शाळेच्या मैदानावर इंग्रजी आठ काढताना. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेल्या बायका, मास्तरणी, अंगणवाडीच्या ताई, पदर खोचलेल्या, घामाघूम. एके दिवशी आमची सूनबाई घरी येऊन म्हणाली, ‘आई, त्या क्लासची गाडी काय खटारा आहे हो! तिसरा गिअर पडतच नाही.’ मी विचारलं, नंबर काय? तिनं सांगितला. ‘तिसरा टाकताना थोडा उजवीकडे घ्यायचा,’ म्हटलं, ‘मीच घेत आलेय पंधरा वर्षं.’

मारुती एट हंड्रेडचं उत्पादन १८ जानेवारी २०१४ला थांबलं तेव्हा पेपरांत मोठमोठे मृत्युलेख आले. त्या आठवड्यात माझी गाडी मैदानावर रिव्हर्स शिकवत होती. दिल्लीतली ती पहिली मारुती हरपाल सिंगांनी अखेरपर्यंत विकली नाही. २०१०मध्ये ते गेले आणि गाडी घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे कंपनीनंच ती नेली, दुरुस्त केली आणि आपल्या मुख्यालयात मांडली. लालबहादूर शास्त्रींची १९६४ची फियाटही दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. ती त्यांनी १२,००० रुपयांना घेतली, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज होतं, आणि ते गेल्यावर ललितादेवींनी पेन्शनमधून ते फेडलं. अशा गाड्या जपायलाच हव्यात. पण इतिहासात जमा होण्याइतक्या गाड्या थोड्या. बाकीच्या लाखो गाड्यांनी काय करायचं?

सरकारचं उत्तर आहे, तारखेवर बोट ठेवायचं. मोटार वाहन कायद्यानं खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करायची. वर २०१०पासून राज्याचा पर्यावरण कर आहेच. दिल्लीत तर २०२५च्या १ जुलैपासून १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला पंपावर तेल द्यायचं नाही असं फर्मान निघालं आणि ओरड होताच काही दिवसांत आवरतं घ्यावं लागलं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सीचं मी समजू शकते. ती रोज दिवसभर पळते, अनोळखी माणसं नेते, आणि मुंबईची हवा आधीच जड आहे.

खासगी गाडीचं मात्र मला पटत नाही. जन्मदाखला बघून मी आजवर कोणाला औषध दिलेलं नाही. नाडी बघते, छाती ऐकते, मग बोलते. सत्तरीचा शेतकरी चाळिशीच्या कारकुनापेक्षा ठणठणीत असू शकतो हे मला रोज दिसतं. गाडीचंही तेच. जुन्या इंजिनाचा धूर नव्याच्या मानानं घाण असतो हे मला मान्य आहे. २०२०च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सहाच्या गाडीपुढे माझी फियाट म्हणजे चालती चूलच. पण महिन्यातून चारदा बाजाराला जाणारी चूल आणि रोज तीन तास ट्रॅफिकमध्ये उभी राहणारी नवी गाडी, यांतल्या कोणाचा धूर वर्षाकाठी जास्त, हे तारीख सांगत नाही. आणि नवी गाडी काही झाडाला लागत नाही. तिचं लोखंड वितळवायला कुठेतरी कोळसा जळतोच.

मला राग आहे तो फीच्या आकड्यापेक्षा तपासणीच्या तऱ्हेचा. मारुती विकण्याआधी मी स्वतः एकदा फेरनोंदणीची चौकशी करायला गेले होते. ऑफिसचं नाव घेत नाही. तिथे माझ्यासमोर एका जुन्या जीपची ‘तपासणी’ झाली. चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर उतरवून घेतला, पीयूसीचा कागद बघितला, झालं. ब्रेक कोणी दाबून पाहिला नाही. गाडीखाली कोणी वाकलं नाही. जीपचा मागचा पाटा तुटून तारेनं बांधलेला होता. तो मला दहा फुटांवरून दिसत होता. ती जीप पास झाली. आता तिच्या मालकाकडून १०,००० घ्या नाहीतर ५०,००० घ्या, तार तिथेच राहणार.

माझं म्हणणं याहून कडक आहे. पाच वर्षांनी कशाला, जुनी गाडी दर वर्षी तपासा. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासून घ्यावी लागते. यंत्रावर चढवा, ब्रेक, धूर, दिवे, चेसिसचा गंज, हॅंडलची ढिलाई, सगळं बघा आणि त्या कामाचे जे होतील ते पैसे घ्या. नापास झाली तर दुरुस्तीला मुदत द्या, तरी नाही जमलं तर खुशाल भंगारात काढा. मी रडणार नाही. पण पास झालेल्या गाडीला वयाचा दंड लावू नका. आणि तपासणीची यंत्रं पुण्या-मुंबईत ठेवून ढेबेवाडीच्या माणसाला तिकडे हेलपाटे घालायला लावू नका.

आता त्या फोनचं. माथाडी आजोबा मागेच गेले. फोन त्यांच्या मुलाचा होता. गिरणी आता तो चालवतो आणि फियाटही तोच. गिरणीचे पट्टे, दुकानाचं सामान, पोराची परीक्षा, सगळं तिच्यातून. २००० साली देशभर शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं तेव्हा त्यांनी व्हॉल्व्हची सीटं बदलून घेतली, हे मला तेव्हाच फोन करून सांगितलं होतं. आमच्याकडे पेशंटचे नातेवाईकसुद्धा इतकं कळवत नाहीत. पासिंगची मुदत संपत आली होती, फी १०,००० झाली होती, आणि त्याच्या कोणा दोस्तानं त्याला सांगितलं होतं, की गाडी पन्नाशीच्या वर गेलीय तर व्हिंटेज करून टाक. २०२१पासून तशी सोय आहे हे खरं आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाडीला वेगळा नंबर मिळतो, त्यात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात, फी २०,०००.

मी त्याला नियम वाचून दाखवला. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी जी गाडी सरकारच्या लेखी भंगाराच्या वाटेवर होती, ती पन्नासाव्या वर्षी वारसा झाली. आणि दोन्हीकडे गोष्ट एकच, की तिनं चालायचं नाही. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मग गिरणीचं सामान आणू कशातनं?’

त्यानं १०,००० भरले. या वेळी माझ्या सांगण्यावरून गाडी आधी गॅरेजला दाखवली, नुसता पीयूसीचा कागद घेऊन गेला नाही. ब्रेक बरे निघाले, धूर चालण्याजोगा निघाला, किंगपिन मात्र ढिली निघाली. पुढचं चाक धरून हलवलं की हातभर खेळतं म्हणे. किंगपिनचा सेट कराडात मिळत नाही, कोल्हापुरातही नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात एकाकडे आहे असं कळलंय. येत्या रविवारी आमचा मुलगा पुण्याला जातोय, त्याला आणायला सांगितलाय, आणि तो परवापासून कुरकुरतोय, की त्याच्या नव्या गाडीच्या सीटला ग्रीस लागेल.